मिक्सर रिपेअर झाला म्हणून एक स्टार कमी

चार स्टार देतेय. पाचवा का नाही ते सांगते, पण त्यात काकांची काडीची चूक नाहीये हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर लोक विचारत बसतील काय झालं, फसवलं का, पार्ट बदलला का. नाही हो. उलट काम इतकं चोख केलंय की त्याचाच मला राग आलाय.

दुकान नाशकात शालिमारवरून मेन रोडकडे जाताना आतल्या बोळात आहे. पाटी आहे पण ऊन-पावसानं तिच्यावरचं नाव उडालंय, मिक्सरवाले काका म्हणून कोणालाही विचारा, सांगतात. चारचाकी घेऊन जाऊ नका, मी एकदा नेली होती आणि मग गाडी कुठे लावू करत तीन चकरा मारून घरी परत आले होते. रिक्षा करा नाहीतर टू व्हीलर. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक बल्ब, एक स्टूल गिऱ्हाइकाला, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत मिक्सर. त्या मिक्सरांबद्दल पुढे लिहिते.

आमचा मिक्सर २००९ चा. लग्नानंतर एका दिवाळीत घेतलेला, ७५० वॅट, तीन भांडी. तेव्हा ती मोठी खरेदी होती, सासूबाईंनी त्याला परकराच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवलं होतं आणि मी रोज वापरून झाला की पुसून ते कव्हर घालायचे. किती वर्षं घातलं कव्हर? दोन असेल. मग ते एकदा धुवायला टाकलं आणि कुठे गेलं कोणास ठाऊक. मिक्सर मात्र चालतच राहिला. शेंगदाण्याचा कूट, लसणाची चटणी, शेवभाजीला भाजलेला कांदा-खोबरं, मुलीच्या लहानपणी नाचणीची पेज, सगळं त्यानंच केलं. मला त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर मला त्याच्याबद्दल काहीच नव्हतं, तो आहे हेच लक्षात नसायचं.

मग मागच्या महिन्यात मोठ्या जाऊबाईंची वास्तुशांत झाली. पाथर्डी फाट्याला नवीन फ्लॅट घेतलाय, सातवा मजला. किचन बघायला सगळ्या बायका आत गेलो आणि ओट्यावर तो. काळा, चकचकीत, वर काचेसारखं पारदर्शक भांडं, बटण नाहीच, नुसतं बोट लावायचं. जाऊबाईंनी मुद्दाम नाही दाखवला हां, त्या तशा नाहीत, कोणीतरी पन्हं करायला सांगितलं म्हणून त्या लावत होत्या, आणि मी चक्क आवाजाची वाट बघत उभी राहिले. आमचा लावला की आधी सांगावं लागतं, मिक्सर लावतेय गं, मग टीव्ही बघणारे आवाज वाढवतात. ह्याच्या आवाजात गप्पा चालू राहिल्या.

घरी आले, साडी पण बदलली नव्हती, पाणी प्यायला किचनमध्ये गेले आणि आमच्या मिक्सरकडे बघितलं. पिवळा पडलाय. म्हणजे तो पांढरा होता आणि आता पिवळा आहे हे मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. वायरला एका जागी काळी पट्टी गुंडाळलेली, ती मीच गुंडाळली होती. एका भांड्याच्या झाकणाला तडा. त्याच दिवशी सकाळी त्यानं मला खिचडीसाठी कूट करून दिला होता आणि सकाळी तो पिवळा नव्हता, असं काहीतरी.

त्यानंतर मी फोनवर मिक्सर बघायला लागले. झोपायच्या आधी. ४,९९९ चा एक कार्टमध्ये टाकला. घ्यायचा नाही, नुसता टाकला. पण घ्यायचा नाही म्हटलं तरी घ्यायला कारण लागतं ना, चालता मिक्सर असताना दुसरा आणला तर सासूबाई काही बोलणार नाहीत पण बघतील, आणि त्यांचं ते बघणं मला परवडत नाही.

आणि मग आठ-दहा दिवसांत मिक्सरमधून ठिणग्या दिसायला लागल्या. खालच्या जाळीतून, निळ्या-निळ्या, आणि जळका वास, भांडं पण खडखड करायला लागलं. देवाशप्पथ सांगते मला आनंद झाला. चेहरा पाडून बाहेर आले आणि म्हणाले, अहो मिक्सर गेला वाटतं.

आधी शोरूमला गेले (नाव नको). तिथल्या मुलानं मिक्सर उघडून पण बघितला नाही, म्हणाला मॅडम ह्याचे पार्ट येत नाहीत आता, एक्स्चेंजमध्ये ५०० लावू. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी त्याला पुन्हा विचारलं, नक्की येत नाहीत ना? नवरा आला होता सोबत, तो सातपूरला कंपनीत मेंटेनन्सला आहे, तो मधेच बोलला की नुसता कार्बन गेला असेल, एकदा दाखवून तर घे. मी त्याच्याकडे असं बघितलं ना. पण आता बोलला होता.

तर काका. वय साठीच्या पुढे, चष्मा कपाळावर, बोलणं येवल्याकडचं. मिक्सर हातात घेऊन त्यांनी आधी वास घेतला. खरंच, नाकाला लावला. म्हणाले, वायंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) नाही जळालं ताई, जळालं असतं तर वास वेगळा असता. मग खालून स्क्रूड्रायव्हरनं शाफ्ट धरला आणि वरून कपलर, म्हणजे भांडं ज्यावर बसतं ती दात्यांची चकती, फिरवून काढला, त्याचे दात पार झिजून गोल झालेले, म्हणून ती खडखड. चार स्क्रू काढून बूड उघडलं. आत सतरा वर्षांचा कूट, मिरची आणि हळद मिळून एक थर झालेला, मला लाज वाटली. मोटरच्या दोन बाजूंनी त्यांनी कार्बनचे दोन तुकडे काढून माझ्या तळहातावर ठेवले. नवीन दोन शेजारी ठेवले. नवीन बोटाच्या पेराएवढा, आमचा हरभऱ्याच्या डाळीएवढा उरलेला.

त्यांनी समजावून सांगितलं ते चांगलं सांगितलं म्हणून इथे लिहिते, कोणाला उपयोग होईल. मोटरचा फिरणारा भाग असतो त्याला करंट पोचवायला हे कार्बन दोन्हीकडून स्प्रिंगनं दाबून बसवलेले असतात, मोटर फिरली की ते घासतात आणि झिजतात. झिजायलाच केलेत, मोटरचं तांबं झिजू नये म्हणून. फार झिजले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, मग मधे फट पडून ठिणग्या. म्हणजे ठिणगी दिसली म्हणजे मोटर गेली असं नाही, पण तसाच वापरत राहिलात तर मग खरंच जाते. दुसरं, मिक्सर मधेच बंद पडला तर खाली लाल बटण असतं ते दाबायचं, ओव्हरलोडचं, थोडा थंड होऊ द्यायचा आणि दाबायचं, काका म्हणाले आठवड्यातून दोन जण तरी ते बटण दाबून घ्यायला त्यांच्याकडे येतात आणि ते पैसे घेत नाहीत. तिसरं, भांड्याखालून काळं पाणी यायला लागलं की बुश (भांड्याच्या बुडात पात्याची दांडी जिच्यात फिरते ती कडी) गेला समजा, ते काळं चटणीत जातं, लगेच बदला.

मी सगळं ऐकून विचारलं, म्हणजे होईल रिपेअर?

होईल म्हणजे काय, काका म्हणाले, तांब्याची वायंडिंग आहे, दहा वर्षं बघायला नको.

आणि माझा चेहरा पडला. मला कळलं पडला ते. डॉक्टरनं रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून सांगावं आणि आपण हिरमुसून बसावं तशी गत. मी दहा वर्षं हा शब्द ऐकून मनात हिशोब केला, दहा वर्षांनी मी छप्पन्नची असेन आणि हा तिथेच ओट्यावर.

एकटी मीच अशी असते तर गप्प बसले असते. माझ्यानंतर एक गृहस्थ आले, इस्त्री केलेला शर्ट, टेबल फॅन घेऊन. काकांनी पाच मिनिटांत सांगितलं कॅपॅसिटर गेलाय, बदलून देतो. तर ते म्हणतात, तसं जुनाच झालाय म्हणा, टाकूनच दिलेला बरा ना? आणि विचारताना डोळे असे लकाकले त्यांचे. काका म्हणाले, टाकायचा तर इथे कशाला आणला. गृहस्थ गप्प. माझ्याकडे बघून हसले. मी पण हसले. आम्ही दोघं परवानगी मागायला आलो होतो आणि काका परवानगी देत नव्हते.

आता भिंतींवरचे मिक्सर. मला वाटलं होतं ते पार्टसाठी फोडायला ठेवलेले भंगार असतील. तर नाही. प्रत्येकाच्या मानेला सुतळीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं तिकीट, त्यावर नाव, गाव, तारीख. अशोकस्तंभ, सिडको, मखमलाबाद, देवळाली, आडगाव. लोकांनी रिपेअरला टाकलेले, रिपेअर करून तयार असलेले, आणि न्यायला न आलेले. काकांनी भिंतीवर मार्करनं लिहिलंय, एक महिन्यात वस्तू न नेल्यास जबाबदारी नाही, पण एक तिकीट मी वाचलं त्यावर ऑक्टोबर २०१९ होतं. मी विचारलं, ह्यांना फोन नाही करत? म्हणाले, करतो ना, म्हणतात येतो येतो, मधे दिवाळी येते, सेल येतो. मग? मग काय, ठेवलाय. लावून बघायचाय? आणि खरंच काढून त्याला पिन लावली, चालू. सगळे चालू असतील. निदान पन्नासेक चालते मिक्सर आणि त्यांची माणसं कुठेतरी नवीन मिक्सरवर ठेचा करतायत आणि तो पण आता पिवळा पडायला लागला असेल.

काम व्हायला पाऊण तास लागला, समोरच्या टपरीचा चहा चांगला आहे, आलं घालतात. बसल्या बसल्या मुलीला फोन केला, ती बी.ए.ला आहे, सायकॉलॉजी. तिला सांगितलं असं असं होतंय, मला चांगली वस्तू चांगली वाटेना. तिला तर आयतंच मिळालं. म्हणाली १९७८ चा एक अभ्यास आहे, अमेरिकेत इलिनॉयमध्ये लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं होतं, तर ते बाकीच्यांपेक्षा काही फार सुखी निघाले नाहीत, उलट सकाळचा नाश्ता, मित्राशी गप्पा, एखादा जोक, असल्या साध्या गोष्टींत त्यांना बाकीच्यांपेक्षा कमी मजा वाटत होती. आता २२ माणसं म्हणजे आमच्या भिशीत पण जास्त बायका आहेत, त्याच्यावरून जगाचं काय ठरवणार, पण नाश्त्याचं पटलं मला. जाऊबाईंच्या मिक्सरनंतर माझ्या खिचडीची चव बदलली नव्हती पण ती करताना माझं तोंड वाकडं होतं हे खरं आहे.

मग म्हटलं, चूक माझ्या एकटीची कशाला धरा, विकणारे पण काही कमी नाहीत. हा किस्सा नवऱ्यानं मागे सांगितला होता, मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या मोठमोठ्या बल्ब कंपन्या एकत्र बसल्या आणि बल्ब १००० तासांच्या वर चालता कामा नये असं ठरवून टाकलं, तेव्हा दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब होते, ते कमी चालावेत म्हणून मेहनत घेतली आणि ज्याचा जास्त चालेल त्याला दंड. आणि तिकडे कॅलिफोर्नियात लिव्हरमोर म्हणून गाव आहे तिथल्या फायर स्टेशनला १९०१ पासूनचा एक बल्ब अजून लागतो. आपल्याकडे निदान २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं राइट टू रिपेअरसाठी समिती नेमली, मोबाईल, घरातली उपकरणं, गाड्या, शेतीची अवजारं ह्यांचे पार्ट आणि माहिती लोकांना मिळावी म्हणून, त्याचं पोर्टल पण आहे. चांगलं आहे. पण मला सांगा, पार्ट मिळतो हे कळल्यावर ज्या बाईचा चेहरा पडतो तिच्यासाठी कुठली समिती नेमणार?

सासूबाई असं काही बोलत नाहीत, समाधान वगैरे. लोकांना वाटतं जुन्या बायका म्हणजे आहे त्यात सुखी. मी घरी आल्यावर त्यांना म्हटलं, तुमच्या वेळचं बरं होतं, पाटा-वरवंटा जन्मभर चालायचा. तर म्हणाल्या, अगं जन्मभर कसला, पाटा गुळगुळीत झाला की टाकवून, म्हणजे छिन्नीनं परत खरबरीत करून, घ्यायला लागायचा, दारावर यायचे टाकवणारे, आणि पाट्यावरच्या वाटणाची चव न्यारी म्हणतात ते खाणारे म्हणतात, वाटणारीला विचारा. त्यांच्याकडे पहिला मिक्सर कसा आला ते मला तेव्हा कळलं. शेजारणीकडे आला म्हणून. त्या दोन महिने सासऱ्यांशी नीट बोलल्या नव्हत्या. तांबट लेनमध्ये जाऊन दोन पितळी पातेली मोडली आणि त्यात भर घालून घेतला. मी म्हटलं मग मला का नाही बोललात नवीन घे म्हणून. म्हणाल्या, तू विचारलंस कुठे, तू नुसती चेहरा करून फिरत होतीस.

तसं बघितलं तर आपल्या नाशकाचं मोठेपणच ह्या असमाधानावर उभं आहे. सिंहस्थ जवळ आलाय, अमृताचा थेंब इथे सांडला म्हणून कुंभ. पण तो सांडला का तर कुंभावरून ओढाओढी झाली म्हणून, आणि ओढाओढीत देव पण होते, ज्यांच्याकडे आधीच स्वर्ग होता. आणि तिकडे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात, त्या पण कुठे पुरतायत. असो, विषय मिक्सरचा आहे.

बिल झालं ४२०. कार्बनची जोडी, कपलर, दोन भांड्यांचे बुश, आतली साफसफाई, नवीन वायर, मजुरी धरून. पावती देत नाहीत पण पुठ्ठ्यावर लिहून देतात आणि जुने पार्ट हातात देतात, हे मला आवडलं. देताना भांड्यात पाणी घालून तिन्ही स्पीडवर फिरवून दाखवला. खडखड गेली, ठिणगी नाही. जाऊबाईंच्याएवढा गुपचूप नाही, पण टीव्हीवाल्यांना सांगायला लागत नाही आता.

आणि एक गंमत. काम चालू असताना काका दर स्क्रूला मनगट चोळत होते. मी विचारलं तर म्हणाले, आता बॅटरीवाला स्क्रूड्रायव्हर मिळतो ताई, नुसतं बटण दाबायचं. पलीकडच्या मोबाईलवाल्याकडे आहे, बघितला मी. मग फोन काढून मला फोटो दाखवला त्याचा. एक नाही, चार, वेगवेगळ्या कंपन्यांचे. मी म्हटलं, मग घ्या की. त्यांनी हातातला जुना स्क्रूड्रायव्हर उलटसुलट बघितला, लाकडी मूठ घासून काळी झालेली, आणि म्हणाले, हा मोडत नाही ना.

टायमिंग सकाळी अकरा ते रात्री आठ, दुपारी दीड ते तीन जेवायला घरी जातात, सोमवारी बंद. ऑनलाइन पेमेंट घेतात पण स्कॅनर आत कपाटात असतो, मागावा लागतो. घाई करू नका, घाई केली की ते हातातलं बाजूला ठेवून तुमच्याकडे बघत बसतात. इस्त्री, टेबल फॅन, मिक्सर, हँड ब्लेंडर एवढं करतात. ट्रिमर करत नाहीत, एका मुलाला परत पाठवलं. आणि मेहेरबानी करून रिपेअर झालेली वस्तू न्या हो, त्यांना आता भिंत उरलेली नाही.

महिना झाला, मिक्सर झकास चालू आहे. ४,९९९ चा तो परवा ४,६९९ ला आला म्हणून नोटिफिकेशन आलं, म्हणजे कार्टमधून काढायचा राहिलाय अजून. पाचवा स्टार त्यानंतर देईन.

निघताना मी काकांना सहज विचारलं होतं, आमचा फ्रीज पण जुना झालाय, २०११ चा, तुम्ही फ्रीज बघता का? म्हणाले, नाही ताई, फ्रीजचं आपल्याकडे होत नाही.

बरं वाटलं ऐकून.